घासलेला नंबर

बाबांच्या मते माझं काम म्हणजे रांगोळी. दिवसभर खुर्चीत बसून पडद्यावर रेघा ओढायच्या आणि महिन्याअखेर पगार घ्यायचा. मी सर्किट बोर्ड डिझाइन करतो, मुंबईच्या एका कंपनीसाठी, पण किनाऱ्यावरच्या मांडवीतल्या आमच्या घरातूनच. कुठला भाग कुठे बसेल, तांब्याची कुठली रेघ कुठून जाईल, काय तापेल, हे सगळं बोर्ड बनण्याआधी ठरवावं लागतं. हे त्यांना सांगून सांगून मी थकलो होतो. त्यांचं आयुष्य मच्छीमार बोटींची इंजिनं खोलण्यात गेलं. हात काळे होत नाहीत ते काम कसलं, असा त्यांचा सरळ हिशेब.

त्याच डिझेलच्या धुराने त्यांची फुप्फुसं खाल्ली. गेल्या वर्षी घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. पलंगाशेजारी ते घरघरत असायचं आणि बाबांच्या नाकात त्याची नळी.

एका दुपारी जेवणं आटोपत होती आणि घरघर थांबली. लाईट होती, मशीनच बंद पडलं होतं. अडीअडचणीसाठी ठेवलेला सिलिंडर बायकोने लगेच जोडला. मी मशीनच्या कंपनीला फोन लावला. मेकॅनिक परवा येईल म्हणाले. परवा! फोन भिंतीवर आपटावासा वाटला. बायको म्हणाली, गाडी बोलावू, सिव्हिलला नेऊ.

"थांब गो," बाबा म्हणाले. "त्याला बघू दे. इंजिनेर हाय ना घरात."

मी टेबल पलंगाजवळ ओढलं. भिंग, मल्टिमीटर, डाख लावायची सोल्डरिंग गन मांडली आणि मशीन खोललं. बाबा उशीला टेकून बघत होते. माझ्या हातात हत्यार त्यांनी असं जवळून कधी पाहिलंच नव्हतं. खरं सांगतो, त्या अवस्थेतही मला बरं वाटलं.

बोर्ड चांगल्या हाताचा होता. जास्त दाबाची वीज आणि कमी दाबाची वीज एकमेकींपासून नीट लांब ठेवली होती, एकही रेघ उगाच वळलेली नव्हती. मी एका टोकापासून मीटर लावत गेलो. फ्यूज ठीक होता, वीज येत होती, रेघा शाबूत होत्या. मग एक चिप सापडली, कोपऱ्यावर भाजलेली. म्हटलं, सुटलो. माझ्या खणांत चिपा भरलेल्या असतात, जुळती मिळाली असती. नंबर वाचायला भिंग खाली आणलं, तर नंबरच नव्हता. चिपेची पाठ घासून गुळगुळीत केलेली.

"काय लिवलाय त्येच्यावर?" बाबांनी विचारलं.

"काय नाय. नंबर घासून टाकलानी."

"कोणी?"

"कंपनीनंच. दुसऱ्यानं नक्कल करू नये म्हणून."

त्यांनी दम घेतला. "मंग दुरुस्त कशी करायची?"

"बाहेरच्यानं करूच नये."

"तू पण घासायला लावतोस?"

मी होकारार्थी मान हलवली. आमच्या प्रत्येक ड्रॉइंगखाली ती सूचना आधीच छापलेली असते. आजवर मी तिच्याकडे धड बघितलंसुद्धा नव्हतं.

"अंदाजान लाव कुठली तरी," बाबा म्हणाले. "बोटीवर आमी काय नंबर बघत बसतो?"

इंजिनाला दुसऱ्या इंजिनाचा भाग कानस मारून बसवता येतो. चिपेचं तसं नाही. पाय जुळले तरी आतलं काम वेगळं असू शकतं. चुकीची लावली तर मशीनमधल्या हवेच्या झडपा भलत्याच वेळी उघडणार, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला बाबा. सिलिंडरचा काटा तांबड्या पट्ट्याकडे सरकत होता. बायको त्याच्यावरून नजर काढत नव्हती.

"नाय जमणार, बाबा," मी म्हणालो आणि गन खाली ठेवली.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं तोंड भिंतीकडे फिरवलं.

गाडी आली, त्यांना सिव्हिलला नेलं. ते तिकडे असताना मेकॅनिक येऊन नवा बोर्ड टाकून गेला. जुना त्याने परत नेला. मशीन पुन्हा घरघरायला लागलं, पण बाबा काही घरी आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, तसेही फार दिवस उरले नव्हते. असेलही. पण उरले होते ते त्यांचे होते, आणि ते त्यांनी आपल्या पलंगावर काढायला हवे होते. त्याचा राग माझ्या मनातून जात नाही.

दिवसकार्य उरकल्यावर मी कामाला बसलो. एका नव्या बोर्डाचं ड्रॉइंग पुरं करायचं होतं. तळाशी ती ओळ होती: चिपांवरचे नंबर घासून काढावेत. मी ती खोडली आणि ड्रॉइंग मंजुरीला पाठवलं. संध्याकाळी ते परत आलं. ओळ जागच्या जागी होती, सोबत साहेबांचा निरोप: चुकून गेली होती, मी परत टाकली आहे.

आत बायको मुलीचा अभ्यास घेत होती. बाबांच्या पलंगावर आता मुलगी झोपते. ती ओळ मी तशीच ठेवली. मग खाली डिझायनरच्या चौकटीत माझं नाव टाकलं आणि ड्रॉइंग कारखान्याकडे पाठवून दिलं.