रकाना वाढवणाऱ्या परब मॅडम

परब मॅडम गेल्याचा निरोप आला तेव्हा मी फोनवर एका माणसाची खरडपट्टी काढत होते. सर्व्हरचा एक पंखा बदलायला त्या माणसाने तीन दिवस लावले होते, आणि मी आधीच तापट; एकदा तोंडाचा पट्टा सुटला की माझा मलाही आवरत नाही. आमच्या विभागातला सचिन दारात येऊन उभा राहिला. मी हातानेच त्याला थांब म्हटलं. तो थांबला नाही. "वैशाली, मॅडम गेल्या गं... आत्ताच, वर." फोनमध्ये तो माणूस हॅलो हॅलो करत राहिला. मी त्याला म्हटलं, "उद्या बसव पंखा, चालेल," आणि फोन ठेवला. ज्या हॉस्पिटलच्या तळघरात मी गेली अकरा वर्षं डेटाबेस सांभाळते, त्याच मुलुंडच्या हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर त्या शेवटचे नऊ दिवस होत्या. जिना चढून वर जायला मला त्या दिवशी किती वेळ लागला कोण जाणे. आता याला पाच आठवडे झाले, आणि आजच कुठे धड लिहायला बसवतंय.

सुलभा वसंत परब. राहायच्या कांजूरमार्गला, मूळच्या देवगडकडच्या. आमच्याकडे त्या टायपिस्ट म्हणून लागल्या आणि कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख म्हणून निवृत्त झाल्या. मधलं सगळं शिक्षण त्यांनी तळघरातच केलं, कॉलेजात नाही. मी मात्र इंजिनिअरिंगची डिग्री आणि डोक्यात भरपूर हवा घेऊन आले होते. पहिल्याच आठवड्यात नोंदणीच्या खिडकीवरून तक्रार आली, रोज कोऱ्या पावत्या छापल्या जातायत. मी लगेच कीबोर्ड खडखडवायला घेतला. मॅडमनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "आदी माणसाक इचार, मगे मशिनीक." एरवी त्या साधंच मराठी बोलायच्या, मालवणी निघायची ती राग आला की, नाहीतर माया आली की. दोन्हींतलं कुठलं, हे ओळखायला मला वर्ष लागलं. तर आम्ही वर गेलो, खिडकीतल्या जोशींच्या शेजारी तासभर बसलो, आणि दिसलं की जोशी आपलं जाडजूड रजिस्टर कीबोर्डच्या काठावर टेकवतात आणि एक बटण दाबलेलं राहतं. मी खो खो हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी जोशींना रजिस्टर ठेवायला एक स्टूल आणून दिलं आणि खाली आल्या.

पण मला सांगायची आहे ती दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, कारण त्या गोष्टीत मी तोंडावर आपटले होते.

आमच्या प्रत्येक वॉर्डात तेज औषधांचं, म्हणजे मॉर्फिनसारख्या नशा आणणाऱ्या औषधांचं, एक कुलूपबंद कपाट आहे. सिस्टरने आपलं कार्ड लावलं, रुग्णाचा नंबर टाकला की ते उघडतं, आणि तळघरातल्या सर्व्हरवर एक ओळ उमटते... कोणी उघडलं, किती वाजता, कोणत्या रुग्णासाठी. या नोंदवहीला आम्ही लॉग म्हणतो. ती बांधली होती मी, एकटीने, आणि तिचा मला फार तोरा होता. एका महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटातली दुखण्यावरची चार इंजेक्शनं कमी भरली. लॉगमध्ये त्या चार इंजेक्शनांसाठी कपाट कोणी उघडल्याची नोंदच नव्हती. केसपेपरवरून बघितलं तर चारही वेळा ड्युटीवर होती सिस्टर दीपाली सोनकांबळे. ती म्हणत होती, मी कार्ड लावूनच उघडलं, रुग्णांना दिलं, केसपेपरवर लिहिलं. हॉस्पिटलचा कारभार बघणाऱ्या साहेबांचं म्हणणं, केसपेपर तूच लिहिलास, त्याला काय अर्थ? वॉर्डात अडीअडचणीला एक किल्ली असते. तिने किल्लीने गुपचूप कपाट उघडलं आणि औषध बाहेर विकलं, असा त्यांचा सरळ हिशेब. तेज औषधाची चोरी म्हणजे नुसती नोकरी जात नाही, नर्सिंगचा परवानाही जातो. मीटिंगमध्ये मला विचारलं, "लॉग चुकू शकतो का?" आणि मी, शहाणी, छाती काढून म्हणाले, "माणूस खोटं बोलेल सर, लॉग बोलत नाही."

समोरच बसलेल्या दीपालीने माझ्याकडे बघितलं. नुसती बघत राहिली, आणि मी कागद चाळायचं नाटक केलं.

मॅडम त्या मीटिंगला नव्हत्या. त्यांना कळलं तेव्हा मला म्हणाल्या, "तू तिका इचारलंस?" मी म्हटलं, मॅडम, त्यात विचारायचं काय, एरर एकही नाहीये, मी दोन दिवस सगळं तपासलं. डिस्कवर जागा आहे, घड्याळं बरोबर आहेत, सर्व्हर एकदाही बंद पडलेला नाही. "एकही एरर नाही?" "एकही नाही." "अकरा हजार नोंदी आणि एकही एरर नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "असं घर मी तरी बघितलं नाही, जिथे कधीच भांडण होत नाही. तिथे कोणीतरी कोणाचं तोंड दाबलेलं असतं." मला तेव्हा राग आला. माझ्या कामावर बोट ठेवलं की मला येतोच.

मग त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या, मलाही ओढून नेलं. मेट्रनकडून ड्युटीचं कागदी रजिस्टर मागितलं, ज्यात सगळ्या सिस्टर सह्या करतात. खाली येऊन आम्ही रजिस्टर आणि लॉग शेजारी शेजारी ठेवले. मी म्हटलं, कुठली वेळ शोधायची? त्या म्हणाल्या, "वेळ नको. कामावर आहे पण लॉगात कधीच नाही, असं कोण आहे ते शोध." दुपारच्या चहापर्यंत तीन नावं निघाली. तीन सिस्टर, वेगवेगळ्या मजल्यांवरच्या, ज्या आधी लॉगमध्ये रोज दिसायच्या आणि एका ठराविक सोमवारपासून एकदम गायब होत्या. बाकी दोघींच्या वॉर्डातली मोजणी अजून व्हायची होती म्हणून बोंब झाली नव्हती, इतकंच. त्या सोमवारी काय झालं होतं? आस्थापना विभागाने सगळ्यांची नावं कागदपत्रांप्रमाणे अद्ययावत केली होती. एकीने माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही आडनावं लावली होती, एकीचं नाव मुळातच लांबलचक. आणि दीपालीने राजपत्रात छापून आपल्या नावात आईचं नाव घातलं होतं. दीपाली शकुंतला भीमराव सोनकांबळे. इंग्रजीत मोजली तर, मधल्या जागा धरून, छत्तीस अक्षरं. मी लॉग बांधताना नावाचा रकाना ठेवला होता तीस अक्षरांचा.

पुढचं मला मॅडमनी सांगायची गरज नव्हती. नाव रकान्यात मावलं नाही की डेटाबेस ती ओळ घेत नाही, एरर देतो. आणि ते एरर गिळून टाकायची सोय मीच केली होती! लॉग अडला तरी कपाट उघडलंच पाहिजे, रुग्ण तडफडत असताना सिस्टरला थांबवायचं नाही, एवढं बरोबर होतं. पण अडलं तर निदान कुठेतरी ओरड, हे मी लिहिलंच नव्हतं. स्क्रीनवर लाल अक्षरं नकोत म्हणून. म्हणजे कपाट उघडायचं, औषध निघायचं, आणि दीपालीची ओळ हवेत विरून जायची. आणि मी साहेबांसमोर सांगून आले होते की लॉग खोटं बोलत नाही.

खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार काय आला? रकाना गुपचूप वाढवावा, 'तांत्रिक बिघाड दुरुस्त' अशी एक ओळ लिहावी, कोणाला काय कळतंय? मी तसं बोलूनही दाखवलं. मॅडम चिडतील वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "रकानो वाढयशीत गो. पण त्या पोरीवरचो आळ कोण पुसतलो? बिघाड म्हटलंस तर लोक म्हणतील, सुटली नशिबाने. चूक कोणाची ते नाव घेऊन सांगितलं तरच ती मोकळी होते." मी म्हटलं, माझी नोकरी गेली तर? "मी बसलंय मां," त्या म्हणाल्या. "आणि नाय वाचली तर तुका दुसरी गावतली. तिका परवानो दुसरो गावाचो नाय." आणि मग, बहुतेक माझं तोंड बघून, "रडतंस कित्याक? उठ, तोंड धू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही साहेबांना, मेट्रनला आणि दीपालीला तिसऱ्या मजल्यावर कपाटासमोर उभं केलं. मॅडमनी दीपालीला सांगितलं, "लाव कार्ड." तिने लावलं. टक् करून कपाट उघडलं. मी लॅपटॉपवर लॉग दाखवला... काहीच नाही. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा कोरं. मग मेट्रननी आपलं कार्ड लावलं, आणि त्यांची ओळ टपकन उमटली. मी म्हटलं, "सर, नावाचा रकाना मी लहान ठेवला, आणि चूक दिसणार नाही अशी सोयही मीच केली. सिस्टरचं काही चुकलेलं नाही. त्या दिवशी मी जे बोलले ते चूक होतं." दीपालीने भिंतीला हात टेकला. साहेब भले, पण घाईचे. म्हणाले, "ठीक आहे, झालं ते झालं. आईचं नाव काढा ना तेवढं रेकॉर्डमधून, पूर्वीसारखं करा. पाच मिनिटांचं काम." दीपाली हळूच म्हणाली, "सर, आईने नगरपालिकेच्या शाळेत पोरांना खिचडी करून घालून मला नर्सिंगला पाठवलं... पण तुम्ही म्हणाल तसं." तेवढ्यात मॅडम पुढे झाल्या. "साहेब, नाव छाटायचं नसतं. रकाना वाढवायचा असतो. तोही पाच मिनिटांचाच आहे." मी तिथेच स्टुलावर बसून रकाना दोनशे अक्षरांचा केला. मॅडम मागून म्हणाल्या, "हां, आता कोणाचं नाव आज्यापणज्यासकट येऊ दे!" आणि सगळ्यात आधी दीपालीच हसली.

माझी नोकरी राहिली, लेखी ताकीद मिळाली. दीपालीची चौकशी लेखी पत्र देऊन मिटवली; ते पत्रही साहेबांनी पाठवलं तसंच घेतलं नाही, मॅडमनी दोनदा परत पाठवून 'निर्दोष' हा शब्द घालून घेतला. पुढच्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. त्यानंतर सहा महिन्यांतच दुखणं निघालं, आणि निघालं ते पुढे गेलेलंच निघालं. शेवटी घरी वेदना आवरेनात म्हणून इथे आणलं. मी रोज दुपारी वर जायचे. एकदा म्हणाल्या, "काय गो, एरर येतत मां हल्ली?" मी म्हटलं, रोज येतात मॅडम, लाल लाल, डोकं खातात. "बरा आसा," म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.

दर महिन्याला मी लॉग ओळीओळीने तपासते, ही सवय त्यांचीच. गेल्या आठवड्यात तपासायला बसले आणि ते नऊ दिवस आले. तिसऱ्या मजल्यावरचं कपाट. रुग्ण, सुलभा वसंत परब. उघडलं, दीपाली शकुंतला भीमराव सोनकांबळे. खाली पुन्हा तेच, त्याच्या खाली पुन्हा. काही दिवशी तिची ड्युटी संपलेल्या वेळीही तिचंच नाव होतं. नंतर कळलं, ती मुद्दाम थांबायची. मॅडमना दुखलं तेव्हा तेव्हा ती पोरगी धावली होती, आणि तिची एकही फेरी हरवली नव्हती. मी दार लावून घेतलं आणि मनसोक्त रडले. मग नाक पुसून यादी पुरी केली. शेवटी तपासणी करणाऱ्याचं नाव लिहायचं असतं; तिथे मी आजवर नुसतं वैशाली राणे टाकत आले. त्या दिवशी लिहिलं, वैशाली सुमन रमेश राणे. घाटकोपरला घरी जाऊन आईला सांगितलं, तर ती मेथी निवडता निवडता थबकली. "अगं, माझं नाव कशाला तिकडे मशीनमध्ये?" म्हणाली. हातातली जुडी निवडून संपवली. मग विचारलं, "सगळं मावलं पण?"

"मावलं गं," मी म्हटलं. "रकाना मोठा आहे."