धुतलेल्या कापडात

शिरूर अनंतपाळच्या कचेरीसमोर लिंबाखाली बसून मी बावीस वर्षं लोकांचे अर्ज लिहीत आलोय. मलप्पा माझं नाव. डोकं गरम हाय, कबूल. पण भामाबाईवर मी जे ओरडलो, ते आठवलं की आजबी माझीच मला लाज वाटते.

भामाबाई म्हणजे गायरानावरची बाई. सासू-सासऱ्यानं दगडं येचून केलेल्या तीन एकरात तिनं चाळीस वर्षं तूर-ज्वारी काढली. गावाचं नाव सांगत न्हाई, फौजदाराचंबी न्हाई. मला अजून इथंच बसायचंय. त्या गायरानावर सोलारवाल्यांची नजर पडली. भामाबाईनं अर्ज केला. त्याच्या सुनावणीची तारीख सोमवारची, अन् जेसीबी आला शुक्रवारी, पोलीस घेऊन. वा रे कायदा!

भामाबाई उभ्या तुरीत मशिनीपुढं जाऊन बसली. "तारीख सोमवारची हाय," एवढंच म्हणली. तिच्या मागं वस्तीतल्या वीस-पंचवीस बाया. फौजदारानं घड्याळ बघितलं अन् हात वर केला. मंग दे दणादण! बायांना केस धरून ओढलं. एका म्हातारीचे दोन दात तुरीत पडले. भामाबाईचा पोरगा आनंदराज मोबाईलवर शूटिंग काढत होता. आधी मोबाईल बुटाखाली गेला, मंग हात. बोटं मोडल्याचा आवाज मी ह्या कानानं ऐकला. तिच्या अर्जाची पोच घेऊन मी तिथंच गेलतो. अन् केलं काय? बांधामागं लपलो. लिहिणाऱ्याची हिंमत कागदावरच.

आनंदराजला गाडीत कोंबला. दोन दिवस कोठडीत तोंड दाबून बुक्क्यांचा मार. वर गुन्हा त्याच्यावरच, पोलिसांवर दगडफेक केली म्हणून. दवाखान्याच्या कागदावर काय लिहिलं, तर 'पळताना पडला'. चोराच्या उलट्या बोंबा!

तिसऱ्या दिवशी भामाबाई त्याला कपडे द्यायला गेली. शिपायानं गडबडीत पोराचा अंगावरचा शर्ट तिच्या पिशवीत कोंबला. पांढरा शर्ट, पाठीवर काठीनं फाटलेला, रक्तानं कडक झालेला. ती तशीच माझ्याकडं आली. मी उडालोच.

"भामाअक्का, ह्योच पुरावा! लातूरला ह्या मारहाणीची चौकशी लागली की साहेबापुढं ठेवायचा. जिवापल्याड जपा."

मी तिला बाकडं दिलं. ती ताठच बसली, पाठ काय टेकली न्हाई.

"तुम्हाला लई लागलं का?"

"मला काय धाड भरलीय!" म्हणली अन् पदर सारखा केला.

महिन्यानं चौकशी लागली. आनंदराज अजून आतच होता. लातूरच्या एसटीत तिनं पिशवी उघडून मला शर्ट दाखवला. पांढराधोप. फाटलेलं बारीक टाक्यानं शिवलेलं. तांब्यात चुलीतला इस्तू घालून इस्त्रीबी केलेली.

माझं टाळकं सरकलं. "काय केलंत हे! आवो, रक्तच पुरावा होतं! पोराला कायमचं जेलात तुम्हीच धाडलंत!" सगळी एसटी आमच्याकडं बघायला लागली.

तिचं तोंड काळंठिक्कर पडलं. "सासूबाईनं धम्माची दीक्षा घेतली तवापासून घरात एकच शिकवण, अप्पा. कचेरीत जायचं तर धुतलेल्या कापडात. मळकं बघितलं की आपल्याला उंबऱ्यावरच थांबवतेत. तुम्ही जपा म्हणलाव, म्हणून मी टँकरच्या पाण्याच्या दोन घागरी वतल्या त्याच्यावर."

तिनं शर्टाची घडी घालून तो परत पिशवीत ठेवला.

चौकशीच्या खोलीत फौजदार पाय पसरून बसलेला. साहेबानं शर्ट उलटापालटा करून बघितला. "यात काय आहे?"

"नवा घेतलेला दिसतोय, साहेब," फौजदार हसला.

साहेबानं फाईल मिटायला घेतली. ती मिटली की आनंदराज कायमचा आत, गायरान गेलं, अन् बायांना मारलं हे खोटं ठरलं.

भामाबाई उठली. जिचा पदर माझ्यापुढं कधी डोक्यावरनं ढळला न्हाई, तिनं तो खाली सोडला. पाठ फिरवली अन् चोळी मागून वर सरकवली. खांद्यापासून कमरेपर्यंत काठीचे वळ, काळे पडलेले. मणक्याजवळची एक जखम अजून ओली होती. महिनाभर ही बाई अशी पाठ घेऊन माझ्या बाकड्यावर ताठ बसत होती, अन् मी तिच्यावर ओरडलो होतो.

"शर्ट मी धुतला, साहेब. चूक माझी," ती म्हणली. "हे रोज धुते. जात न्हाई."

फौजदारानं पाय आवरले. साहेबानं मान खाली घातली. "बाई, पदर घ्या."

"आधी लिहा," ती भिंतीकडं तोंड करूनच म्हणली. "मंग घेते."

कागदावर पेनाचा आवाज सुरू होईपर्यंत ती वळली न्हाई.