एकही दोरी कापली नव्हती

जतची पोस्टिंग मला फौजेनं दिली नाही. फौजेतून सुटून बरीच वर्षं झाली होती. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात मी आल्याचं रान बघत होतो, सकाळी पोरांना भरतीसाठी पळवत होतो आणि बायकोच्या मते घरात नको तिथं शिस्त लावत होतो. ऐन मे महिन्यात एका सकाळी सुभेदार साहेबांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"हवालदार, ताडपत्र्या किती जमतील?"

"किती पायजेत ते सांगा साहेब."

"जमतील तेवढ्या. दोऱ्या पण. परवा सकाळी जत, सिद्रामच्या जागेवर. रिपोर्ट." आणि फोन बंद.

साहेब आमच्या इंजिनिअर कंपनीचे सुभेदार. रिटायर झाल्यावर सातारा-सांगलीकडच्या आम्हा माजी सैनिकांची संघटना त्यांनीच उभी केली. पेन्शन अडली, कचेरीत कुणी दाद देईना, की माणूस साहेबांना फोन लावायचा. नायक सिद्राम माझ्या सेक्शनमधला, जत तालुक्यातल्या धनगर घरातला. डोंगरातला रस्ता मोकळा करताना दरड आली, त्यात तो गेला. त्याची बायको निलव्वा. तिला सरकारनं वीरपत्नी म्हणून गावाबाहेरच्या माळावर जमीन दिली. सातबाऱ्यावर नाव चढलं, पण मोजणी झाली नाही आणि ताबा मिळाला नाही. दरम्यान आजूबाजूचा सगळा माळ एका सोलर कंपनीनं घेतला. काचेच्या पाट्या चमकायला लागल्या आणि कंपनीचं तारेचं कुंपण वहिनीच्या जमिनीच्या कडेला येऊन थांबलं.

आमचं आंदोलन साधं होतं. मोजणी होईल तेव्हा वहिनी जमिनीवर बसलेली दिसली पाहिजे. हद्दीचे दगड बसेपर्यंत तिनं उठायचं नाही आणि आम्ही तिला एकटं सोडायचं नाही. तिथून ती एकदा उठली, की जमीन गेली. हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

लोकांना वाटतं फौजी म्हणजे बंदूक. मी नोकरीभर बंदुकीपेक्षा दोरीच जास्त धरली. पूल बांधा, रस्ता काढा, तंबू ठोका, हीच आमची लढाई. त्यामुळे टेम्पोभर सामान घेऊन मी माळावर उतरलो तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं. ताडपत्र्या आमच्याकडच्या ऊस वाहतूकवाल्यांच्या, दोऱ्या निम्म्या नायलॉनच्या आणि निम्मी जनावरांची दावी. कळक कुणी आणले, वासे कुणी आणले. माणसं पाच-पन्नास जमली होती. निम्मे आमचे फौजी, बाकीचे गावचे मेंढके, वहिनीच्या भावकीतल्या बाया, कॉलेजच्या काही मुली.

पहिला दिवस भांडणातच गेला. खाली मुरूम आणि त्याच्याखाली काळा दगड, खुंटी वीतभर पण जाईना. मी पोत्यांत दगड भरून त्यांना दोऱ्या बांधायला लावल्या. सिव्हिलियन माणूस दोरी बांधतो ती निरगाठीवर निरगाठ मारून. एका मेंढक्यानं अशी गाठोडी केली होती की मी त्याला म्हणालो, पाव्हणं, ही सोडवायला तुमचा नातू यायला पाहिजे. तो म्हणाला, सोडायचीच कशाला? मग सगळ्यांना गोल बसवून समजावलं. या माळावर दुपारी वारा सुटतो. ताडपत्रीत वारा भरला की ती वाशासकट उडणार आणि खालच्याचं डोकं फोडणार. म्हणून प्रत्येक दोरीला सुरगाठ. ताण दिला तर घट्ट बसते आणि शेपूट ओढलं की एका झटक्यात सुटते. वारा आला की छप्पर आपणच पाडायचं, गेला की परत चढवायचं. निलव्वा वहिनी पहिल्या फटक्यात शिकली. मेंढरांच्या वाड्यात मी तीच गाठ मारत होते, म्हणाली, उगं लांबड लावताय.

सगळ्यात चलाख हात हणमंताचा. आटपाडीचा, लान्स नायक म्हणून सुटलेला. सुटल्यावर पुण्यात एका एटीएमबाहेर खुर्चीवर बसून दोन वर्षं काढली, मग तेही गेलं. माझं एक छप्पर होईतो त्याची दोन व्हायची. रात्री आम्ही एकाच सतरंजीवर झोपायचो आणि वहिनीच्या हातची भाकरी-चटणी एकाच ताटात खायचो.

रुटीन बसलं. सकाळी फॉल-इन, हजेरी, झाडलोट. मग टँकरची वाट. साहेब एक दिवसाआड यायचे, हात मागं बांधून सगळी लाईन बघायचे. एका दुपारी ते असतानाच वावटळ उठली. मी ओरडलो, "ओढा!" सगळ्या दोऱ्या एकदम सुटल्या, ताडपत्र्या जमिनीवर, माणसं त्यांच्यावर बसलेली. कंपनीच्या केबिनचे पत्रे मात्र दोन शेतं ओलांडून गेले. आमची पोरं शिट्ट्या मारत होती. चहा उकळेपर्यंत सगळी छपरं परत उभी. साहेबांनी विचारलं, पाडायला किती वेळ लागला? मी म्हणालो, साहेब, दोन मिनिटं पण नाही. त्यांनी माझी पाठ थोपटली. एवढ्या वर्षांत त्यांनी माझी पाठ थोपटल्याचं मला दुसरं आठवत नाही, आणि मी त्या थापेनं दिवसभर फुगलेलो होतो.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी तालुक्याच्या स्मारकावर मानवंदनेचा कार्यक्रम ठरवला. आमच्यात पद्धत आहे. शहिदाचं नाव पुकारायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी त्याच्या वतीनं "हाजिर" म्हणायचं. साहेबांचा हुकूम झाला, सगळे माजी सैनिक मेडल लावून हजर पाहिजेत. वहिनी जायला तयार नव्हती. मोजणी झाल्याबिगर मी हितनं हलत न्हाई, म्हणाली. साहेब तिच्यासमोर उकिडवे बसले.

"सिद्रामचं नाव पुकारणार, आणि तूच न्हाईस? लोकांनी काय म्हणायचं पोरी?"

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मी साहेबांना विचारलं, इथं पहाऱ्याला संत्री कोण? ते म्हणाले, हणमंत राहील, आणि परवा आलेली ती सहा पोरं. ती सहा जणं आमच्यातलीच होती, दुसऱ्या युनिटची. कमी बोलायची. सगळ्यांच्या पायात नवे बूट होते. माझ्या ते नजरेत आलं, पण बुटावरून माणूस ओळखायचा नसतो असं मला वाटलं. संत्री लागला म्हणजे पोस्ट सुरक्षित, हे आमच्या रक्तातच बसलेलं आहे. वहिनी लुगडं बदलून साहेबांच्या गाडीत बसली आणि मेंढके, बाया, मुली सगळी मागोमाग टेम्पोत चढली.

कार्यक्रम चोख झाला. साहेब एकेक नाव पुकारत होते. "नायक सिद्राम!" म्हणताना त्यांचा आवाज फाटला. आम्ही छाती काढून "हाजिर" म्हणालो. वहिनीनं फुलं वाहिली. साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं, मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, मी बघितलं. ते रडणं खोटं नव्हतं असं मला आजही वाटतं आणि तेच मला जास्त लागतं.

त्यानंतर नेत्यांची भाषणं झाली, जेवण झालं. साहेब म्हणाले, तुम्ही पुढं व्हा, मी मागनं येतो. ऊन कलायला लागलं तेव्हा आमची गाडी माळावर वळली. वहिनी पुढं बसलेली. तीच आधी म्हणाली, "भावजी, आपली छपरं कुठं हायती?"

माळ मोकळा होता. नुसता पडलेला नव्हे, मोकळा. रस्त्याच्या कडेला सगळ्या ताडपत्र्या घडी करून थप्पी लावलेल्या. वासे आणि कळक वेगळे बांधलेले. दोऱ्या आठाच्या आकड्यात गुंडाळून ओळीनं ठेवलेल्या. पोत्यांतले दगड एका जागी ओतून पोती झटकून ठेवलेली. वहिनीच्या जमिनीतून कुंपणाचे खांब गेले होते आणि दोन माणसं तार ताणत होती. मोजणी उरकून मोजणीवाले निघून गेले होते. जमीनमालक गैरहजर, जागेवर कुणाचाच ताबा नाही, असं लिहून नेलं होतं.

कंपनीचा माणूस मोबाईल घेऊन पुढं आला. नीट बोलत होता. म्हणाला, आम्ही हात लावला नाही, तुमच्याच लोकांनी राजीखुशीनं उठवलं, हे फोटो बघा. फोटोत आमची पोरं ताडपत्रीचे चार कोपरे धरून घडी घालत होती.

मी खाली बसून एकेक दोरी हातात घेतली. गुंड आले असते तर त्यांनी कोयता चालवला असता. पोलीस आले असते तर ओढाताण झाली असती, कुठं तरी ताडपत्री फाटली असती. एकही दोरी कापली नव्हती. प्रत्येक गाठ शेपूट ओढून सोडलेली होती. ती घडी, तो आठाचा आकडा मीच शिकवला होता.

गेटवर हणमंत उभा होता. सिक्युरिटीचा निळा ड्रेस, खांद्यावर दोरी, पायात नवे बूट. मला बघून त्याची टाच आपोआप जुळली.

"कुणी सांगितलं?"

"ऑर्डर व्हती, हवालदार."

"कुणाची?"

तो जमिनीकडं बघत म्हणाला, "आपल्यात ऑर्डर देतंय कोण?"

त्याच्या घरी दोन लेकरं आणि दोन वर्षं एटीएमबाहेरची खुर्ची, हे मला माहीत होतं. पण त्या दिवसापासून त्याच्याबरोबर एका ताटात जेवायची माझी तयारी नाही.

साहेबांना फोन लावला.

"साहेब, कॅम्प पडलाय."

"म्हाईत हाय."

"वहिनीची जमीन कुंपणात गेली."

"ऐक. गेटची सगळी सिक्युरिटी संघटनेला मिळालीय. पोरांच्या चुली पेटल्या, सगळी आपलीच हायती. तिला आपण दुसरीकडं जागा बघू."

"तिला इचारलंसा?"

"हवालदार, शिस्त सोडू नको. सामान भरून घरी जा."

अख्ख्या नोकरीत साहेबांच्या आधी मी कधी फोन ठेवला नव्हता. त्या दिवशी ठेवला.

टेम्पोवाला सामान भरायचं का म्हणून विचारत होता. आमच्यातले बरेच जण मेडल खिशात घालून, मान खाली घालून निघून गेले. कुणाचा भाऊ गेटवर लागला होता, कुणाचा मेहुणा. कुणाला साहेबांविरुद्ध जायचं नव्हतं. सात-आठ जण उरलो, आणि मेंढके. वहिनी कुंपणाबाहेर रस्त्याकडेला उन्हातच बसली होती. आम्ही तिच्या डोक्यावर एक ताडपत्री बांधली. या वेळी मी निरगाठी मारल्या. तो मेंढका दोरी धरून उभा होता, पण त्यानं मला चिडवलं नाही.

सावली झाली. पाणी आलं. वहिनी साहेबांचीच बाजू घ्यायला लागली. त्यांना कुणी तरी फसवलं असंल, म्हणाली. दर भाऊबीजेला लुगडं घेऊन येणारा माणूस असं करणार न्हाई. त्यांना कळलं की तेच येऊन तार तोडतील बघा.

माझ्यानं ते ऐकवेना. जे तिला मी कधी सांगितलं नव्हतं, ते सांगितलं.

दरड आली तेव्हा सकाळ होती. सिद्राम कमरेपर्यंत धोंड्याखाली होता. मी आणि दोघं पहारी लावून धोंडा पेलत होतो, तो हलत नव्हता. साहेब सिद्रामचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि एका हातानं वायरलेसवर बोलत होते. डॉक्टर पाठवा, ओव्हर. पलीकडनं उत्तर आलं, रस्ता बंद आहे, थांबा, ओव्हर. बंद होता तो हाच रस्ता. आम्हालाच तो मोकळा करायचा होता.

सिद्राम ओरडला नाही. त्याला समजलं होतं. तो साहेबांना म्हणाला, "साहेब, घरातली मेंढरामागची बाई हाय. कागद-कचेरी तिला जमायची न्हाई. फसवतील तिला."

साहेब म्हणाले, "कोण फसवतंय? तिचं मी बघतो. माझा शब्द हाय."

सिद्रामनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी ऐकलंय ना, एवढंच त्याला बघायचं होतं. मी मान हलवली. मग त्यानं डोळे मिटले. त्यानंतर तो थोडाच वेळ होता.

हे सांगून मी थांबलो. कुंपणाच्या आत हणमंताची ड्यूटी बदलत होती, दुसरा कुणी तरी येऊन उभा राहिला. वहिनी पदरानं तोंड पुसत होती. रडत नव्हती.

"भावजी, आमच्या मालकांना त्यो शब्द खरा वाटला व्हता का?"

"व्हय."

"अगदी?"

"अगदी, वहिनी. त्येच्यानंतर त्यो काय बोललाच न्हाई."

"मग बरं झालं," ती म्हणाली. "ते तरी सुखानं गेलं."

फेरमोजणीचा अर्ज आम्ही केला आहे. वहिनी रस्त्याकडेच्या त्या छपराखाली बसते आणि आम्ही पाळी लावून तिच्याबरोबर बसतो. स्मारकावरच्या कार्यक्रमाला ती आता जात नाही, मीही जात नाही. तिथं सिद्रामचं नाव अजून साहेबच पुकारतात.