गाडी चालते तोवर

"डावा पाय झोपू द्या!"

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं नाक स्टिअरिंगला टेकलं होतं, सिस्टरबाईंचा चष्मा त्यांच्या पायाशी पडला होता आणि मागचा ऑटोवाला माझ्या खानदानाची चौकशी करत होता. झालं असं, की रायपूरच्या समता कॉलनीच्या वळणावर वेग कमी करताना मी सवयीने डाव्या पायाने क्लच दाबला. त्या गाडीला क्लच नव्हताच. माझ्या पायाखाली आलं ते ब्रेकचं रुंद पेडल, आणि कॉलेजपासूनचा सगळा अनुभव मी एका दणक्यात त्यावर ओतला होता.

निघताना मीच म्हणालो होतो, "काळजी करू नका, मी सगळ्या गाड्या चालवतो."

सिस्टरबाईंनी चष्मा उचलला, पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की आता थर्मामीटर लावतात की काय! "ह्या गाडीत डाव्या पायाले ड्युटी नाही. झोपला आहे तं झोपू द्या ना त्याले. काहून उठवून राहिले?"

त्या आमच्या शेजारी. दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी केली, निवृत्त झाल्या आणि कॉलनीच्या कायमच्या सिस्टर झाल्या. हिंदी बोलणारे 'सिस्टर दीदी' म्हणत, आम्ही दोनचार मराठी घरं 'सिस्टरबाई' म्हणत असू. खरं नाव घेऊन कोणी हाक मारली असती, तर त्यांनी मागे वळून दुसरं कोण आलंय ते पाहिलं असतं. यजमान फार आधी गेले होते. मुलगा पुण्यात. घरात त्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि पोर्चमध्ये ही गाडी, डॅशबोर्डवर छोटीशी बुद्धमूर्ती चिकटवलेली.

पहिल्या रविवारी त्यांच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, म्हणून ड्रायव्हर हवा होता. माझ्या बायकोने कुंपणावरून मला परस्पर देऊन टाकलं. "घेऊन जा यांना. रविवारी रिकामेच असतात." डोळे बरे झाले, त्या स्वतः चालवायला लागल्या, तरी मी शेजारच्या सीटवर राहिलोच. तुमच्याही ओळखीत असेल असं एखादं माणूस, ज्याला आपली मदत लागत नसते, आणि तरीही आपण येईपर्यंत ते दार उघडं ठेवून बसतं.

आता गाडीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर सिस्टरबाई कळायच्या नाहीत. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, क्लच जमेना, म्हणून मुलाने ही आपोआप चालणारी गाडी घेऊन दिली. हिच्यात नेहमीसारखे गिअर नसतात. "गिरणीत पट्टा असते ना," त्या मला दोन्ही तळहात दाखवून सांगत, "तसाच. पण लोखंडी. दोन पुल्या, मधात पट्टा. ही पुली पसरली की ती आवळते. गाडी वेग घेते, झटका नाही, काही नाही. सगळा खेळ तेलावर. तेल खराब झालं की पट्टा घसरते. पट्टा घसरला की गाडी बसली."

आणि मग, जरा थांबून, "गाडी बसली की मी उठते."

हा त्यांचा मुलाशी झालेला करार होता. तो रोज फोन करी आणि रोज म्हणे, "आई, पुण्याला चल." एकदा वैतागून त्या म्हणाल्या, "गाडी चालते तोवर मी इथंच. ज्या दिवशी बसंल, त्या दिवशी घ्यायले ये." मुलगा लगेच कबूल झाला. असले गिअरबॉक्स नाजूक असतात, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. फार वाट पाहावी लागणार नाही, असा त्याचा हिशेब.

पण तो आईचा पेशा विसरला होता. सिस्टरबाईंनी गिअरबॉक्सला पेशंट करून घेतलं.

सकाळी इंजिन सुरू केल्यावर त्या लगेच गाडी हलवत नसत. मी घाई केली की म्हणत, "पेशंटले आधी बसवाव, मग उभं कराव, मग चालवाव. तुम्ही तं डायरेक्ट पळवून राहिले." एकदा हट्टाने मी चालवायला बसलो आणि गाडी मागे घेताना ती पुरती थांबायच्या आत गिअरचा दांडा पुढच्या खुणेवर ओढला, तर माझ्या मनगटावर चापट बसली. पन्नाशीला आलेल्या, सरकारी खात्यात मोठ्या बाबूच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला! पण खरं सांगतो, इतक्या वर्षांत माझ्या चुकीवर इतक्या आपुलकीने कोणी मारलं नव्हतं.

तेल बदलायला गेलो की गॅरेजवाल्याची परीक्षा. साधं गिअर ऑइल घालू नये, कंपनीने सांगितलेलंच हवं, म्हणून डबा त्या स्वतःच्या हाताने फोडत. जुनं तेल काढलं की पांढऱ्या कापसाच्या बोळ्यावर घेऊन उजेडात बघत, मग हुंगत.

"दीदी, तेल है, खून नहीं है," गॅरेजवाला हसायचा.

"इसका तो यही खून है, भैया," त्या बोळ्यावरून नजर न काढता म्हणायच्या. मग मराठीत, मला, "जळका वास नाही. झोप लागंल आज."

डॉक्टरने सांगावं तसं कोणीतरी त्यांना सांगून ठेवलं होतं, की शहरातल्या शहरात कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आणलेली गाडी नीट गरमच होत नाही. तिला मधूनमधून लांब, एका चालीने पळवावी. रायपुरात लांब आणि एका चालीने जायची एकच जागा, शहराबाहेर सरकारने वसवलेला नवा रायपूर. रस्ते असे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येऊ नये, आणि पलीकडे माणूस नसतोच. दुभाजकावर सरकारी फुलझाडं, ओळीने दिवे, प्रचंड मोठे चौक, आणि चौकातून कोणीच जात नाही. आठवडाभर ऑफिसची बस मला ह्याच रस्त्याने मंत्रालयात नेऊन टाकायची. रविवारी सिस्टरबाई मला त्याच रस्त्याने हवा खायला न्यायच्या. मी बायकोला म्हणायचो, "मी असा एकमेव कर्मचारी आहे, जो सुट्टीच्या दिवशीही ऑफिसपर्यंत जाऊन येतो, तेही बिनपगारी."

येताना त्यांची ठरलेली घरं असत. तात्यापाऱ्यात एक मैत्रीण, दवाखान्यातली जुनी सोबतीण. तिच्याकडे पहिला चहा. मग पुरानी बस्तीत एक नणंद. तिच्या गल्लीत गाडी शिरत नसे, म्हणून नणंदच देवळाजवळच्या कोपऱ्यावर येऊन मागच्या सीटवर बसायची आणि गप्पा तिथेच, बंद गाडीत. दोघी मिळून अख्ख्या नात्याचा समाचार घ्यायच्या. मी पुढे बसून, ऐकू येत नाही असा चेहरा करून सगळं ऐकायचो.

संध्याकाळी मी ऑफिसातून येई तेव्हा सिस्टरबाई बऱ्याचदा पोर्चमध्ये गाडीत बसलेल्या दिसत. गाडी जागची हलत नसे. ब्रेक दाबून दांडा एकेका खुणेवर नेत, थोडं थांबत, परत आणत. "तेल फिरते सगळीकडे," त्या म्हणत. मग इंजिन बंद होई. त्यानंतरही त्या बराच वेळ आत बसलेल्या असत, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी कुंपणावरून हात करी. त्या हात करत. मी घरात जाऊन बायकोला सांगे, "काय निगा राखते ही बाई! आपल्या ऑफिसातले ड्रायव्हर इतकं करतील तर!"

एका रविवारी सिग्नलवरून निघताना गाडी थरथरली. फार नाही, थंडीत माणूस शहारतो तेवढीच. मला तर वाटलं रस्ताच खराब आहे. पण सिस्टरबाईंचा चेहरा उतरला. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. त्यांनी गाडी कडेला घेतली, दांडा पार्किंगच्या खुणेवर टाकला आणि काचेतून समोर बघत राहिल्या.

"पोराले नका सांगू," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या मुलाला कधी फोन केला नव्हता, तरी शपथ घेतल्यासारखी मान हलवली.

"पुण्याले मी काय करू, सांगा? तिथं चवथ्या माळ्यावर फ्लॅट आहे. सुनबाई चांगली आहे, तिचं काही नाही. पण सकाळी दोघं जातात, रात्री येतात. खाली उतरलं तं कोणाचं दार वाजवाव? इथं निदान मले रस्ते मालूम आहेत."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून त्यांच्याबरोबर गॅरेजात गेलो. गाडी वर चढवली होती आणि सिस्टरबाई ऑपरेशन थिएटरबाहेरच्या नातेवाइकासारख्या बाकड्याच्या कडेवर बसल्या होत्या. आयुष्यभर त्या दाराच्या आतल्या बाजूला उभी राहिलेली बाई. बाहेर कसं बसायचं, हे त्यांना येत नव्हतं. शेवटी गॅरेजवाला हात पुसत आला. "दीदी, बेल्ट बढ़िया है. तेल का टाइम हो गया था, बस. बदल दिया, कम्प्यूटर से सेटिंग भी कर दी."

येताना गाडी लोण्यासारखी चालली. सिस्टरबाईंनी मध्येच थांबून तांदळाच्या पिठाचा गरम फरा घेतला, टमाट्याच्या चटणीसकट, आणि मला जबरदस्तीने दोन द्रोण खायला लावले. "पेशंट डिस्चार्ज झाला," म्हणाल्या. त्या दिवशी मी त्यांना गाणं गुणगुणताना ऐकलं. बेसूर होतं, पण होतं.

गाडी त्यानंतर कधी थरथरली नाही. बदल झाला तो दुसरीकडेच.

तात्यापाऱ्याच्या मैत्रिणीला तिची मुलगी नागपूरला घेऊन गेली. आम्ही गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजारणीने वरूनच सांगितलं, "वो तो चले गए, दीदी." मग त्या उन्हाळ्यात नणंद वारली. त्यानंतरच्या रविवारी सिस्टरबाईंनी तरीही देवळाजवळच्या कोपऱ्यावर गाडी उभी केली. मागे भाजीवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा पुढे घेतली.

आता फिरणं म्हणजे फक्त नवा रायपूर. जायचं आणि परत यायचं. एका सकाळी तिथल्या एका मोठ्या गोल चौकात त्या वळल्या, आणि चौकाला पूर्ण वळसा घालून पुन्हा जिथे शिरलो तिथेच आल्या. मला वाटलं रस्ता चुकला. त्यांनी दुसरा वळसा घातला.

"सांगा," त्या म्हणाल्या, "कुठं जायचं?"

"तुम्ही म्हणाल तिथे," मी म्हणालो. मला ते फार सौजन्याचं वाटलं होतं.

"मी म्हणीन तिथं." त्यांनी मान डोलावली. गाडी फिरत राहिली. अजिबात झटका नाही, आवाज नाही, वेग कमी-जास्त होतोय हेही कळू नये इतकी सुंदर चालत होती. चारही बाजूंना रिकामे रस्ते येत होते आणि जात होते. मग त्या हळूच म्हणाल्या, "घरीच जाऊ."

त्याच आठवड्यात त्यांनी मुलाला स्वतःहून फोन केला आणि घ्यायला ये म्हणून सांगितलं.

तो आला. दाढी ठेवलेला, चष्म्याचा, बोलायला गोड. आमच्याकडे चहाला आला तेव्हा त्याने मला बाजूला घेऊन, रायपूरच्या जुन्या सवयीने हिंदीतच विचारलं, "काका, गाडी का क्या हुआ? बंद पड गई?"

"छे! ठणठणीत आहे," मी म्हणालो. "अजून कितीतरी वर्षं चालेल."

"फिर?" तो म्हणाला. आईने वाद न घालता हार मानली, याचीच त्याला भीती वाटली असावी. मी त्याला आणखी एक बिस्किट दिलं.

भिलाईच्या एका नवऱ्याबायकोने गाडी घेतली. दोघं हौशी होती. सिस्टरबाईंनी त्या बायकोला शेजारी बसवून कॉलनीला चकरा मारल्या, पट्टा समजावला, तेल समजावलं, काय करायचं नाही ते समजावलं. माझ्याकडे बोट दाखवून "इनके जैसा मत चलाना" असंही सांगितलं. ती दोघं मनापासून हसली आणि निघाली. गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी फाटकात उभा होतो. सिस्टरबाई त्याआधीच आत गेल्या होत्या.

दोन दिवसांनी त्याही गेल्या. स्टेशनवर डब्याच्या खिडकीतून बायकोचा हात धरून म्हणाल्या, "तुह्या गुडघ्याले जपजो." मला म्हणाल्या, "तुम्ही बसनंच जात जा." गाडी सुटल्यावर मुलगा हात हलवत होता. त्या समोर बघत होत्या.

घरी आल्यावर मी कपडेही न बदलता बसून राहिलो. शेजारच्या पोर्चमध्ये फरशीवर चाकांच्या दोन काळ्या पट्ट्या तेवढ्या राहिल्या होत्या. बायको मेथी निवडत होती.

"मला एक समजत नाही," मी म्हणालो. "करार काय होता? गाडी चालते तोवर. आणि गाडी उत्तम चालत होती, मी स्वतः बसत होतो ना दर रविवारी! मग ह्या बाई गेल्या कशाला?"

तिने मेथीच्या काड्या बाजूला सारल्या.

"रविवारी तुम्ही होते हो," ती म्हणाली. "सोमवारी कोण होतं?"