कालवं फोडणारीचं नाव

विमलाबाई कांबळ्यांना साउथहॅम्प्टनला लेकाकडे येऊन नऊ वर्षं झाली होती, पण पाण्याकाठी गेल्या की जीभ रत्नागिरीचीच. इथल्या वाळूतल्या शिंपल्यांनाही त्या बिनदिक्कत खुबे म्हणत.

समुद्रातल्या जिवांची आणि किनाऱ्यावरच्या झाडांची मराठी नावं गोळा करणारा शार्दूल केंब्रिजहून आला आणि चार रविवार त्यांच्या स्वयंपाकघरात बसला. मुळे, मोरी, शिवंड, मर्यादवेल, तिवर... बाईंनी त्रेसष्ट नावं दिली, वर पोटभर जेवू घातलं. अट एकच. "ही नावं मला माझ्या आईनं शिकवली. पुस्तकात तिचं नाव आलं पाहिजे."

"ऑफकोर्स, मावशी! प्रॉमिस."

बाईंच्या आईला, भागीरथीला, गावच्या विहिरीवर मज्जाव होता. ओहोटीच्या खडकांवर मात्र कोणी अडवायला येत नसे. कोयतीनं कालवं फोडून फोडून तिचे हात कायम चिरलेले. त्याच हातांनी तिनं लेकीला एकेक जीव दाखवला.

पुस्तक आलं. आभारांत पुण्याचे दोन प्राध्यापक, पदव्यांसकट. शेवटी एक ओळ: 'आणि किनाऱ्यावरील काही कष्टकरी महिला.' काही! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात शार्दूलचा फोन. "मावशी, लंडनला, इल्फर्डमध्ये पुस्तकाचं लाँच आहे. तिसऱ्यांचं सुकं आणाल ना? ऑथेंटिक टच येईल."

म्हणजे नावं गिळून झाली, आता तिसऱ्याही हव्यात!

"येते," बाई म्हणाल्या.

डबा नेला नाही, पेन नेलं. सह्यांच्या टेबलाशी शार्दूलशेजारी खुर्ची ओढून बसल्या, पहिली प्रत त्याच्या हातातून ओढली आणि आभारांचं पान काढलं. 'काही कष्टकरी महिला' यावर काट मारून ठसठशीत लिहिलं: भागीरथी धोंडू जाधव.

"मावशी, प्लीज! पब्लिशरची पॉलिसी आहे, इंडिव्हिज्युअल नावं नसतात. लोक बघतायत."

"प्राध्यापक काय झुंडीनं जन्मले? त्यांची बरी नावं आली! शब्द दिला होतास की नाही?"

शार्दूल प्रत मिटायला गेला. बाईंनी पानावर हात ठेवला.

"माझी आई अंगठा उठवायची. तिची सही मी करणार."

रांगेतल्या एका बाईनं आपली प्रत पुढे केली. सवयीनं शार्दूलनं पेन उचललं.

"थांब," विमलाबाई म्हणाल्या. "आधी माझ्या आईचं नाव."