वीरमरण नव्हे, पिगुआ

चाळिशीत मी मराठीची शिक्षिका होते आणि रत्नागिरीत माझ्याइतकं मराठी कुणाला येत नाही अशी माझी खात्री होती. कुणी वारलं की निधनवार्ता लिहायला लोक माझ्याकडे यायचे. मी लिहायचेही अशी, की मेलेल्याला स्वतःची ओळख पटू नये.

शाळेतली माझी एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, मैत्रीण लग्नानंतर नवऱ्यासोबत इस्राएलला गेली होती. एका दुपारी तिचा फोन आला. नवरा गेला होता. "इथे पिगुआ झाला, त्यात गेला," एवढंच ती म्हणाली. सासू इथेच राहायची, म्हणून पेपरात चार ओळी द्यायच्या होत्या.

मी शब्दाचा अर्थ विचारलाच नाही. मोठं काहीतरी असणार असं धरलं आणि लिहिलं, 'मायभूमीसाठी वीरमरण'.

त्यांच्यात घरचं माणूस गेलं की सात दिवस जमिनीवर बसतात. तिची सासू, म्हणजे आम्हा सगळ्या आळीची मावशी, तशी बसली होती. बातमी छापून आली आणि आळीतले कार्यकर्ते शाल-श्रीफळ घेऊन हजर. त्यांनी तिला उचलून खुर्चीवर बसवलं, 'वीरमाता' म्हणून हार घातला, फोटो काढला. कौतुक पाहायला मीही गेले होते.

मावशी मला म्हणाली, "तो पाव आणायला गेला होता गो. फौजेत कधी होता? आता ह्यांच्यासमोर रडू कशी?"

मी घरी येऊन मैत्रिणीला फोन लावला आणि पिगुआ म्हणजे काय ते विचारलं.

"मूळ अर्थ लागणं, इजा होणं," ती म्हणाली. "आता रेडिओवर पिगुआ म्हटलं की बस, बाजार नाहीतर हॉटेलात बॉम्ब. हा बसमध्ये होता. मेलेल्यानं काही केलेलं नसतं, त्याच्यावर ते येतं. आमच्या लष्करानं सीमेपलीकडे बॉम्ब टाकला तर त्याला बातम्यांत मोहीम म्हणतात, पिगुआ नाही. तिथलीही माणसं पाव आणायलाच निघालेली असतील, पण तो शब्द त्यांना मिळत नाही." मग म्हणाली, "तू मराठीची बाई ना? एक शब्द विचारायचास."

मी पुन्हा चार ओळी लिहिल्या, 'बसमधील घातपातात निधन. सकाळी पाव आणण्यासाठी घराबाहेर पडले होते.' पेपरवाला म्हणाला, "बाई, पाव काढूया, बरं दिसत नाही." मी काढू दिला नाही.

सहाव्या दिवशी ते छापून आलं. सातव्या दिवशी बायका समाचाराला आल्या आणि मावशीभोवती जमिनीवर बसल्या. थोड्या वेळानं मावशी मुलाला हाका मारून रडायला लागली.

मी आत भांडी घासत होते. बाहेर जाऊन तिच्यासमोर बसायची माझी छाती झाली नाही.