सुक्या बांगड्यांना वारा

आमच्या किनाऱ्यावर दोन बॅटऱ्यांची गाडी आणणारा पहिला माणूस मी. २०१५ सालची गोष्ट. मुंबईतल्या एका साहेबाने थोडी वर्षं वापरून सोडलेली ती हायब्रिड मी घेतली, आणि कुणकेश्वरापासून देवगडापर्यंत चहाचं एकही दुकान उरलं नाही जिथे मी तिची थोरवी गायली नाही. पेट्रोलवर चालते, विजेवर चालते, आणि उतारावर सोडली की टाकीतलं पेट्रोल उलट वाढतं, असंही मी एक-दोघा भोळ्यांना सांगून टाकलं होतं. मागच्या सीटखाली एवढी मोठी बॅटरी आहे, की गावची वीज गेली तर अख्खं गाव आठवडाभर उजळेल. हे ऐकून लोक मोबाइल चार्ज करायला घेऊन येऊ लागले, तेव्हा कुठे मी आवाज जरा खाली आणला.

माझी आत्ये मासे विकायची. लिलावात ती भाव पुकारायला लागली की भरती अर्ध्यावर थांबून ऐकायची. त्याच आत्येच्या तोंडून एका नावाचा उच्चार मात्र कितीतरी वर्षं झाला नव्हता. तिची एकुलती एक मुलगी घरच्यांना न विचारता घाटावरच्या मुलाशी लग्न करून मुंबईला गेली होती. आधी कोण बोलायचं थांबलं यावर गावात दोन तट होते. माझा दोन्ही तटांत चहा चालू असे. आणि गाडी आणून महिना झाला त्या आठवड्यात मुलीचा फोन आला. बाळंतपण जवळ आलं होतं. "आये, येशीत?" एवढंच तिने विचारलं, आणि आत्ये "येतंय" एवढंच म्हणाली. त्यानंतर दोन दिवस ती बाजारात अशी गप्प बसली की गिऱ्हाइकांनी घासाघीस न करता मासे नेले आणि घरी जाऊन काळजी करत बसली.

नांदगाव स्टेशनवर सकाळची मुंबईची गाडी थांबते, म्हणजे जरा दम खाते एवढंच. आमच्याकडून निघणारी पहिली एस्टी तिला गाठत नाही. आत्येने रिक्षावाल्याला सांगून ठेवलं होतं, पण मी छाती पुढे काढून त्याला परत पाठवलं. माझी गाडी दारात असताना आत्ये रिक्षाने जाणार? अब्रूचा प्रश्न होता. आत्ये मला म्हणाली, "झिला, गाडी चुकली तर ती म्हणतली, आवस अजून रागातच आसा. मगे ती परत फोन करूची नाय." मी म्हटलं, गाडी चुकली तर मी तुला खांद्यावर बसवून मुंबईला नेतो.

आदल्या संध्याकाळी आत्येने डिकी भरली. सुके बांगडे, सोडे, सुकट, कोकमं, उकडे तांदूळ. बाळंतिणीसाठी म्हणायचं आणि अख्ख्या चाळीला पुरेल एवढं भरायचं, ही आमच्याकडची रीत. भरून झालं तसा मी झोपायला गेलो. पण मासळी सुकवण्यात जन्म गेलेल्या बाईला बंद पेटीत बांगडे ठेवलेले बघवेनात. ते घाम धरतात, मऊ पडतात, मग त्यांना वास येतो. तिने डिकीच्या झाकणाखाली एक नारळाची करवंटी घातली, मांजर शिरू नये म्हणून फटीवर फाटकं जाळं बांधलं, आणि समाधानाने निजली. डिकी उघडी असेपर्यंत आतला दिवा जळतो, हे तिला कोण सांगणार? बांगड्यांनी रात्रभर उजेडात वारा खाल्ला.

सकाळी बटण दाबलं तर पाल चुकचुकावी तसा आवाज आला. पुन्हा दाबलं, तर तेवढाही नाही.

आमच्याकडे गाडी बंद पडली हे सांगावं लागत नाही. भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन बायका आल्या, समुद्रावरून नुकतेच परतलेले पुरुष आले, त्यांच्यामागून कुत्री आली. शेजारचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या आणि स्वतःची यांत्रिक बोट असलेला आमच्या वाडीतला मानाचा माणूस, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "रे, तुझ्या बॅटरीर अख्खो गाव उजळतलो हुतो मां? आधी गाडी तरी उजळ."

मग सगळ्यांनी ठरवलं की ढकलू या. गाडीची वीजच गेलेली, त्यामुळे गिअर अडकलेला आणि चाकं जागची हलेनात. पण वाळूत रुतलेल्या बोटी वर ओढणाऱ्यांना चाकांची काय मातब्बरी? बोटीखाली घालतात ते गुळगुळीत ओंडके आणले, त्यांवर माशाचं तेल चोपडलं, आणि "हय्या हो" करत सगळ्यांनी गाडी उचलून ओंडक्यांवर चढवली. गाडी सुटली ती अंगण आणि पाणंद ओलांडून माडांच्या रांगेतच थांबली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या मंडळींनी सवयीने तिचं तोंड समुद्राकडे केलं आहे. आणखी एक हय्या आणि माझी हायब्रिड मासेमारीला गेली असती.

मी विहिरीच्या कठड्यावर चढलो, कारण रेंज तिथेच मिळते, आणि कुडाळच्या गॅरेजवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मोठी बॅटरी झोपली आहे आणि तिला उठवणारी छोटी मेली आहे. ढकलून काही होणार नाही. छोटी डिकीत उजव्या कोपऱ्यात असेल. बारा व्होल्टची दुसरी बॅटरी आणून तिला जोडा, लाल ते लाल, काळं ते काळं. मोठीच्या केशरी वायरीला मात्र हात लावू नका, नाहीतर पुढची सर्व्हिसिंग वर जाऊन करावी लागेल."

म्हणजे गाव उजळणारी ती बलाढ्य बॅटरी एका डबड्याएवढ्या बॅटरीने हाक मारल्याशिवाय डोळाही उघडत नव्हती. हे मी कुणाला सांगितलं नाही.

ओंडके काढले, डिकी रिकामी केली. माडांखाली बांगडेच बांगडे. आता बॅटरी कुठली? मोटारसायकलची पुरेना, आणि रिक्षा तर मीच परत पाठवलेली. सगळ्यांच्या नजरा तांडेलाकडे वळल्या, कारण दिव्यांसाठी आणि वायरलेससाठी दणदणीत बॅटरी असलेली एकच वस्तू जवळ होती, त्याची बोट. पण लगेच त्या नजरा वाळूकडे वळल्या. कारण आत्येने भर लिलावात त्याच्या पापलेटांकडे बोट दाखवून विचारलं होतं, हे देवळाच्या जीर्णोद्धाराच्या वेळी धरलेले काय? तेव्हापासून दोघांमध्ये शब्द नव्हता.

आत्ये खाली मान घालून बांगडे गोळा करत होती. वाळूही न झटकता ती ते टोपलीत टाकत होती. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

तांडेल तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "किती दिवस जातलंस?"

"बारसो होईसर," आत्ये वर न बघता म्हणाली.

"म्हणजे म्हायनोभर लिलावात तू नाय?"

"नाय."

वादळातही पावलं भरभर न उचलणारा तो माणूस पळत सुटला, आणि गुडघाभर पाण्यातून बॅटरी खांद्यावर घेऊन परत आला. "घे," तो म्हणाला, "व्हयी तर बोट पण घे." मग वायरी माझ्या हातात देताना, फक्त आत्येला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, पण मी मधेच उभा असल्यामुळे मलाही ऐकू आलं, "आणि पोरीक सांग, मी इचारलंय म्हणान."

लाल ते लाल, काळं ते काळं. आत्ये आत बसली. मी ब्रेक दाबला, बटण दाबलं, आणि समोरचे दिवे लागले. मी म्हटलं, झाली सुरू. पण गाडीतून हूं नाही की चूं नाही.

"खंय सुरू?" तांडेल म्हणाला. "आवाज खंय आसा?"

विजेवर असताना ती आवाज करत नाही, हे मी महिनाभर ओरडून सांगितलं होतं आणि ऐनवेळी कुणाला आठवेना. आत्येने पदर तोंडाला लावला. कुणीतरी म्हणालं, गेली बिचारी. बाईबद्दल की गाडीबद्दल ते कळलं नाही. मी वायरी सोडवल्या, बांगडे कोंबले, डिकी धाडकन बंद केली (आत्ये आतून म्हणालीच, घाम धरतले, मी म्हटलं, धरू देत) आणि आत बसून, गिअर टाकून ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी मांजरासारखी सरकली, तीही थेट समुद्राकडे. गर्दी फाकली, एका म्हातारीने हात जोडले, आणि शेवटच्या माडाशी मी चाक फिरवलं.

नांदगावपर्यंत मी गाडी एकदाही बंद केली नाही. पंखा नाही, रेडिओ नाही, हॉर्नच्या जागी खिडकीतून तोंडाने ओरडायचं. शिरगावच्या चढाला मी श्वासही जपून घेतला. आत्येला शिंक आली ती तिने गिळली.

स्टेशनवर पोचलो तेव्हा सिग्नल पडलेला होता. बोचकी डब्यात गेली, आत्ये खिडकीशी बसली आणि गजांतून माझा हात धरून म्हणाली, "काय बोलू रे तिच्याशी?" जन्मभर अखंड बोलत आलेला मी म्हणालो, "पयलो शब्द तिका बोलूक दी." तिने मान हलवली. गाडी हलली.

बाहेर माझी गाडी अजून जागी होती. मी तिच्या बोनेटवर हात ठेवून उभा राहिलो आणि फोन वाजला. कित्येक वर्षांनी ऐकलेला आवाज.

"दादा, ती बसली? खरांच?"

"बसली. खिडकीक."

पलीकडे तिने नाक एवढ्या जोरात शिंकरलं की मला वाटलं आत्येची गाडी शिट्टी मारत परत फिरली. "कशी इली? एस्टी तर मिळना नाय."

"माझ्या गाडयेतसून," मी म्हटलं. "बटण दाबला नि सुटली. काय्येक त्रास नाय."

ती हसली. हुबेहूब आत्येच्या आवाजात, भरती अर्ध्यावर थांबेल असं.